हलत्या डोंगरांची इटली

व्हेनिसच्या गोंडोला नाहीत, मिलानचं शॉपिंग नाही, साधा समुद्रसुद्धा नाही. तरीही प्रेमात पडावं असं बरंच काही लाक्विला नावाच्या या प्रांतात आहे. आणि थोडं घाबरावं असंही!

कल्पना करा, सोमवारची सकाळ आहे. धक्के खात ऑफिसात पोचलात, खुर्चीत बसलात आणि इनबॉक्स उघडला तर चक्क असा मेल… आमच्या गावात राहायला या. वर्षाला ८,००० युरोपर्यंत पैसे देऊ, तेही तीन वर्षं. छोटा धंदा टाकायचा असेल तर २०,००० युरोपर्यंत मदत वेगळी. घरभाडं अगदी नावापुरतं. काय कराल? स्पॅम समजून डिलीटच कराल ना?

पण ही ऑफर खरी होती. ऑक्टोबर २०२० मध्ये इटलीतल्या सान्तो स्तेफानो दि सेसानियो या गावाने ती रीतसर जाहीर केली. अर्थात कुणीही उठावं आणि जावं असं नव्हतं. इटलीत राहण्याचा कायदेशीर हक्क हवा, वय चाळिशीच्या आत हवं आणि एकदा आलात की निदान पाच वर्षं मुक्काम ठोकायचा, अशा अटी होत्या. गाव कसं? १,२५१ मीटर उंचीवर, दगडी घरांचं, दगडी कमानींचं, फरसबंद बोळांचं. एखाद्या महागड्या कॅलेंडरवर शोभेल असं. आणि लोकसंख्या? सव्वाशेच्याही आत! त्यातही पेन्शनरच जास्त. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम आकाराच्या सोसायटीत याहून जास्त माणसं असतात.

आता प्रश्न असा, की इतक्या देखण्या गावाला माणसं 'विकत' का आणावी लागतात? त्याचं उत्तर आहे तिथल्या भूगोलात. शाळेत ज्या विषयाला आपण सगळ्यात जास्त जांभया दिल्या त्या भूगोलात!

समुद्राकडे पाठ

इटलीच्या नकाशातल्या त्या सुप्रसिद्ध बुटाच्या पोटरीवर, रोमपासून थोडं पूर्वेला बोट ठेवा. हा आब्रुत्झो प्रदेश. त्याचे चार प्रांत आहेत. त्यातल्या तीन प्रांतांना अ‍ॅड्रिआटिक समुद्राचा किनारा मिळालाय. चौथा, म्हणजे लाक्विला, मात्र पूर्ण डोंगरात अडकलेला. क्षेत्रफळ सुमारे ५,०४७ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ निम्मा आब्रुत्झो. माणसं मात्र तीन लाखांहून कमी. तीही १०८ गावा-शहरांत विखुरलेली. बाकी सगळे डोंगर, कुरणं, जंगल आणि भन्नाट वारा.

या प्रांताच्या उत्तर सीमेवर ग्रान सासो नावाची पर्वतरांग उभी आहे. नावाचा सरळ अर्थ 'मोठा दगड'. इटालियन लोकांनी उगाच अलंकार वापरलेले नाहीत! तिचं सर्वांत उंच शिखर कोर्नो ग्रान्दे २,९१२ मीटरचं. इटलीच्या कण्यासारख्या पसरलेल्या अपेनाइन पर्वतातलं हेच सर्वोच्च टोक. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईवर आणखी पाऊण कळसूबाई चढवली तर कोर्नो ग्रान्दे होईल.

शिखराच्या उत्तर कुशीत, शेजारच्या तेरामो प्रांताच्या बाजूला काल्देरोने नावाची हिमनदी आहे. युरोपातली सगळ्यात दक्षिणेकडची हिमनदी म्हणून तिचा मोठा रुबाब होता. पण २००० साली ती वितळत वितळत दोन तुकड्यांत फुटली आणि आता तिथे उरलेत ते बर्फाचे दोन पट्टे. काही वर्षांनी हे वाक्य भूतकाळात लिहावं लागेल.

सुंदर म्हणजे तुटलेलं

आता जरा गंमत बघा. या डोंगरांचा दगड आहे चुनखडीचा. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे उथळ, उबदार समुद्र होता. त्याच्या तळाशी शंख-शिंपल्यांचा आणि बारीकसारीक जिवांचा गाळ साचत गेला, दबत गेला, त्याचा खडक झाला. पुढे भूपट्ट एकमेकांवर आदळले आणि तोच समुद्रतळ वर उचलला गेला. म्हणजे ज्या प्रांताला समुद्र नाही, त्याचे डोंगर समुद्राचेच बनलेले आहेत!

गोष्ट इथे संपत नाही. आधी दाबले गेलेले हे डोंगर आता उलट ताणले जाताहेत. रोमकडची बाजू आणि अ‍ॅड्रिआटिककडची बाजू एकमेकींपासून दूर सरकतेय. वेग किती? वर्षाला जेमतेम तीनेक मिलिमीटर. आपली नखंसुद्धा याहून कितीतरी वेगाने वाढतात. पण लाखो वर्षं असं ताणल्यावर काय होणार? जमीन भेगाळते आणि भेगेच्या एका बाजूचा भाग खाली खचतो. आजूबाजूला कडे आणि मध्ये सपाट तळ. असं एक ताटच तयार होतं. त्यात पाणी साचतं, गाळ साचतो, सुपीक माती तयार होते.

लाक्विला शहराचं खोरं, सुल्मोनाचं खोरं, फुचिनोचं मैदान ही सगळी अशीच ताटं. डोंगराळ मुलखात सपाट जमीन म्हणजे सोनं. साहजिकच माणसं तिथेच राहिली, तिथेच पिकवलं, तिथेच चर्चेस आणि राजवाडे बांधले. आणि ज्या भेगेने ती सपाट जमीन दिली, ती भेग अधूनमधून पुन्हा सरकते. त्यालाच आपण भूकंप म्हणतो.

या प्रांताची सगळी गोम इथे आहे. इथलं जे जे सुंदर आहे ते काहीतरी तुटून, खचून किंवा रिकामं होऊन तयार झालंय. स्कान्नो गावाजवळचा तो निळाशार तलाव घ्या. एका ठरावीक जागेवरून तो हुबेहूब बदामाच्या आकाराचा दिसतो, त्यामुळे तिथे जोडप्यांची फोटोसाठी झुंबड असते. तो तलाव झाला कसा? फार पूर्वी डोंगराचा एक अख्खा कडा कोसळला आणि नदी अडली. बस्स! कुणाच्या तरी व्हॅलेंटाइन फोटोमागे एक दरड आहे.

छोटं तिबेट

'वाव' म्हणायचं असेल तर मात्र थेट काम्पो इम्पेरातोरेवर जायचं. म्हणजे 'सम्राटाचं मैदान'. साधारण १,५०० ते १,९०० मीटर उंचीवर वीस किलोमीटरहून लांब पसरलेलं हे पठार. झाड औषधालासुद्धा नाही. नुसतं गवत, त्यावर सरकणाऱ्या ढगांच्या सावल्या आणि मागे कोर्नो ग्रान्देची उघडीबोडकी भिंत. तिबेट प्रत्यक्ष पाहून आलेले इटालियन लेखक-छायाचित्रकार फोस्को मराइनी यांनी याला 'छोटं तिबेट' म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

इथे पाऊस-बर्फ भरपूर, पण नद्या जवळजवळ नाहीत. कारण चुनखडी पाणी पिऊन टाकते. जमिनीत जागोजागी बशीसारखे खळगे आहेत. पाणी त्यातून आत मुरतं आणि खाली कुठेतरी दूरच्या गावात झरा होऊन बाहेर पडतं.

पठाराच्या एका टोकाला २,१३० मीटरवर एक लालसर रंगाचं जुनं हॉटेल आहे. १९४३ साली सत्तेवरून हटवल्यावर बेनितो मुसोलिनीला इथेच कैदेत ठेवलं होतं. इथून कोण पळणार, असा हिशेब होता. पण १२ सप्टेंबर १९४३ रोजी जर्मन कमांडो इंजिन नसलेल्या ग्लायडर विमानांतून थेट हॉटेलच्या दारात उतरले आणि एका चिमुकल्या विमानातून त्याला घेऊन गेले. निसर्गाने बांधलेला तुरुंगसुद्धा फुलप्रूफ नसतो!

सिनेमावाल्यांची तर ही लाडकी जागा. टेरेन्स हिल आणि बड स्पेन्सर यांच्या १९७० च्या 'दे कॉल मी ट्रिनिटी' या वेस्टर्नमधला काही भाग इथला. घोडे, काउबॉय, धूळ… सगळं अमेरिकन वाटतं, पण मुक्काम पोस्ट आब्रुत्झो. तिथून खाली उतरलात की रोक्का कालाशो. १,४६० मीटरवरचा पडका किल्ला. मिशेल फायफरचा 'लेडीहॉक' (१९८५) आठवतोय? तोच हा किल्ला. आणि जॉर्ज क्लूनीचा 'द अमेरिकन' (२०१०) इथल्याच कास्तेल देल मोन्ते, सुल्मोना अशा गावांत चित्रित झालाय.

किल्ला पडका का, हे वेगळं सांगायला नको. १४६१ चा भूकंप, मग १७०३ चा. दुसऱ्या धक्क्यानंतर किल्ल्याखालच्या वस्तीतले लोक हळूहळू खालच्या कालाशो गावात उतरले. आज आपण जिथे सेल्फी काढतो, तिथून कुणीतरी एके काळी सामान आवरून निघालं होतं.

मेंढ्यांचा एक्स्प्रेस-वे

एवढ्या उंचावर, एवढ्या थंडीत माणसं मुळात आली कशाला? उत्तर एका शब्दात आहे. मेंढ्या!

उन्हाळ्यात डोंगरावर हिरवंगार गवत, हिवाळ्यात गळ्याएवढा बर्फ. मग मेंढपाळ शरद ऋतूत कळप घेऊन दक्षिणेला पुलियाच्या सपाट मैदानात उतरायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत वर यायचे. आपल्याकडच्या धनगरांना ही पायपीट काही नवीन नाही. पण इथे त्यासाठी खास रस्ते होते. 'त्रात्तुरो' म्हणतात त्यांना. सगळ्यात मोठा लाक्विला ते फोज्जा, २४४ किलोमीटर लांब. आणि रुंदी किती? तब्बल १११ मीटर! डांबर नाही, दगड नाही, फक्त गवत. म्हणजे चालता चालताच चरायची सोय. आजच्या भाषेत सांगायचं तर फूड-कोर्टसकट एक्स्प्रेस-वे.

१४४७ मध्ये नेपल्सच्या राजाने या मेंढ्यांवर कर गोळा करायला वेगळं खातंच उघडलं. लाखो मेंढ्या हिंडायच्या, खजिना भरायचा. इथली लोकर इतकी चालायची, की १५७९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सुप्रसिद्ध मेदिची घराण्याने सान्तो स्तेफानोची जहागीरच विकत घेतली. हो, मायकेलअँजेलोला कामं देणारं तेच ते घराणं. गावावर अजूनही मेदिचींचं चिन्ह आहे.

मग काय झालं? एकोणिसाव्या शतकात मैदानातली कुरणं नांगरली गेली, लोकरीचा धंदा बसला. लोकांनी बोटी पकडल्या आणि अमेरिका गाठली. दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेसुरले रोमला, मिलानला, बेल्जियमच्या खाणींत, ऑस्ट्रेलियात गेले. गावं तशीच राहिली. कुणाकडे पैसेच नव्हते, त्यामुळे कुणी काँक्रीटची भर घातली नाही, अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बसवल्या नाहीत. आज ज्याला आपण 'जसंच्या तसं जपलेलं गाव' म्हणतो, ते कुणी मुद्दाम जपलं नव्हतं. ते सोडून दिलेलं होतं.

१९९९ मध्ये दानिएले किल्ग्रेन नावाच्या गृहस्थांच्या नजरेला हे सान्तो स्तेफानो पडलं. त्यांनी तिथली ओस पडलेली घरं घेऊन गावभर विखुरलेलं एक हॉटेल उभं केलं. रिसेप्शन एका घरात, तुमची खोली तिसऱ्या गल्लीत, नाश्ता चौथ्या. भिंतीवरची चुलीची काजळी तशीच, पलंगावरच्या गोधड्या हातमागाच्या. गरिबीच्या खुणा आज लक्झरी म्हणून विकल्या जातात, यातला विरोधाभास आपल्याला खटकू शकतो. पण त्यामुळेच गावात पुन्हा दिवे लागले, हेही खरं.

आणि त्या २४४ किलोमीटरच्या गवती रस्त्याचं काय? कळप आता ट्रकमधून जातात. पण २०१९ मध्ये युनेस्कोने कळपांच्या या मोसमी प्रवासाला जागतिक अमूर्त वारशाचा दर्जा दिला. वारसा व्हायला बहुतेक आधी बंद पडावं लागतं!

सरोवर गायब!

प्रांताच्या दक्षिण-पश्चिमेला फुचिनोचं मैदान आहे. वरून पाहिलं तर अगदी पट्टीने आखल्यासारखी शेतं. इतकी सपाट, की डोंगराळ मुलखात आलोय यावर विश्वासच बसू नये. कारण दीडशे वर्षांपूर्वी इथे शेत नव्हतंच. इथे इटलीतलं तिसऱ्या क्रमांकाचं सरोवर होतं, सुमारे दीडशे चौरस किलोमीटरचं!

सरोवराला नैसर्गिक वाट नव्हती. त्यामुळे पाणी कधी फुगायचं, कधी आटायचं, आणि काठावरच्या गावांचे हाल व्हायचे. रोमन सम्राट क्लॉडियसने इसवी सनाच्या पहिल्या शतकात डोंगर पोखरून साडेपाच किलोमीटरहून लांब बोगदा खणला. तीस हजार माणसं, अकरा वर्षं, असं जुन्या इतिहासकाराने लिहून ठेवलंय. पुढे देखभालीअभावी बोगदा बुजला आणि सरोवर परत भरलं. मग एकोणिसाव्या शतकात रोमचे धनाढ्य बँकर आलेस्सांद्रो तोर्लोनिया यांनी ते काम पुन्हा हाती घेतलं आणि १८७० च्या दशकात सरोवर खरोखर रिकामं केलं. जमीन कुणाला मिळाली? अर्थातच तोर्लोनियांना. शेतकरी त्यांची कुळं झाली. ती जमीन कसणाऱ्यांना वाटली गेली १९५१ च्या सुधारणांनंतर. आज इथली गाजरं आणि बटाटे इटलीभर प्रसिद्ध आहेत, त्यांना युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकनही आहे. शेतांच्या मधोमध उपग्रहांशी बोलणाऱ्या अवाढव्य डिश अँटेना आहेत. १९६३ पासून चालू असलेलं हे अंतराळ केंद्र आज युरोपच्या 'गॅलिलिओ' या नेव्हिगेशन यंत्रणेचाही एक आधार आहे. एका बाजूला गाजरं, दुसऱ्या बाजूला उपग्रह!

पण फुचिनोच्या काठाने ती भेगही आहे. १३ जानेवारी १९१५, सकाळी आठ वाजायला आठ मिनिटं होती. सुमारे ७ तीव्रतेचा धक्का बसला आणि काठावरचं आवेत्झानो शहर काही सेकंदांत भुईसपाट झालं. आसपासचा मुलूख धरून सुमारे ३०,००० माणसं गेली. जवळच्या पेशिना गावातला एक चौदा वर्षांचा मुलगा त्या दिवशी आईला मुकला. पुढे तो इन्यात्सिओ सिलोने या नावाने लेखक झाला आणि १९३३ साली त्याची फुचिनोच्या गरीब शेतकऱ्यांवरची 'फोन्तामारा' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. ती जगभर गाजली.

रात्री ३ वाजून ३२ मिनिटं

प्रांताची राजधानी लाक्विला. नावाचा अर्थ 'गरुड'. तेराव्या शतकात आजूबाजूच्या गावांनी एकत्र येऊन हे शहर वसवलं. दंतकथा म्हणते ९९ गावांनी. त्याची आठवण म्हणून इथे ९९ नळांचं कारंजं आहे. गरुडाच्या खाली शहराचं ब्रीद लिहिलंय, त्याचा अर्थ 'अचल राहते'. या शहराने हे ब्रीद निवडावं यात थोडा हट्ट आहे आणि थोडा विनोदही. कारण १३४९, १४६१, १७०३ असे मोठे भूकंप या शहराच्या बायोडेटात आहेत. असं सांगतात, की १७०३ नंतर शहराने आपले लाल-पांढरे रंग बदलून काळा आणि हिरवा केले. काळा शोकाचा, हिरवा आशेचा.

६ एप्रिल २००९. त्याआधी कित्येक महिने छोटे छोटे धक्के बसत होते. जुन्या लोकांची एक सवय होती. धक्का बसला, की रात्र घराबाहेर काढायची. चौकात, गाडीत, जमेल तिथे. पण आदल्याच आठवड्यात तज्ज्ञ आणि अधिकाऱ्यांची बैठक झाली होती आणि घाबरण्यासारखं काही नाही, असा दिलासा लोकांपर्यंत पोचला होता. त्या भरवशावर आमची माणसं त्या रात्री घरात झोपली, असं कित्येक नातेवाइकांचं म्हणणं. पहाटे ३.३२ ला ६.३ तीव्रतेचा धक्का बसला. ३०९ जण गेले. लाक्विला हे विद्यापीठाचं शहर. मृतांत शिकायला आलेले पन्नासहून जास्त विद्यार्थी होते. त्यातले आठ एकाच होस्टेलच्या इमारतीत. तुमच्या-आमच्यासारखीच घर सोडून करिअर करायला निघालेली पोरं!

पुढे खटला उभा राहिला. २०१२ मध्ये सहा शास्त्रज्ञ आणि एका अधिकाऱ्याला सहा-सहा वर्षांची शिक्षा झाली आणि जगभर खळबळ उडाली. भूकंप वर्तवता येत नाही, मग शिक्षा कसली? २०१४ मध्ये अपिलात सहाही शास्त्रज्ञ सुटले, अधिकाऱ्याची शिक्षा दोन वर्षांवर आली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम ठेवलं. वादाचा मुद्दा मात्र अजून जिवंत आहे. भूकंप सांगता येत नाही हे खरं, पण 'काही होणार नाही' हे तरी कुणी कसं सांगावं?

जुलै २००९ मध्ये जी-८ देशांची परिषद मुद्दाम या जखमी शहरात भरवली गेली. आपले तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंगही तिथे होते. शहराबाहेर काही महिन्यांत १९ नव्या वसाहती उभ्या राहिल्या. धक्का शोषून घेणाऱ्या आधारांवर उभ्या इमारती, सुमारे पंधरा हजार लोकांची सोय. सुरक्षित, स्वच्छ, नवं कोरं. पण संध्याकाळी भेटायचं कुठे? फ्लॅट मिळाला, चौक गेला. जुनं शहर तर वर्षानुवर्षं कुलूपबंद होतं, टेकू लावून उभं.

मग हळूहळू एकेक दार उघडत गेलं. कोलेमाज्जोची गुलाबी-पांढऱ्या दगडांची बॅसिलिका डिसेंबर २०१७ मध्ये परत सुरू झाली. पडलेला सान्तो स्तेफानोचा मेदिची मनोराही पुन्हा उभा राहिला. क्रेन अजून पूर्ण गेलेल्या नाहीत. पण इटलीने २०२६ साठी 'सांस्कृतिक राजधानी' म्हणून निवडलं ते याच शहराला. आणि दर वर्षी एप्रिलच्या त्या रात्री लोक हातात मशाली घेऊन चालतात, आणि घंटेचे ३०९ टोल पडतात.

डोंगराच्या पोटात

याच ग्रान सासोच्या पोटातून दहा किलोमीटरचा मोटरवे-बोगदा जातो. त्यातून सुसाट जाताना कुणाला वाटणारही नाही, की बाजूलाच भौतिकशास्त्राची एक प्रचंड प्रयोगशाळा आहे. डोक्यावर १,४०० मीटर खडक. एकेक दालन शंभर मीटर लांब. आकाशातून सतत बरसणारे वैश्विक किरण हा दगड अडवतो, त्यामुळे आत विश्वातली 'शांतता' मिळते. शास्त्रज्ञ तिथे न्यूट्रिनो आणि कृष्णद्रव्याचा माग काढतात. २०११ मध्ये जिनिव्हाजवळून ७३० किलोमीटर प्रवास करून आलेले न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा वेगाने आले, अशी बातमी इथूनच फुटली आणि आइनस्टाइनचं काय होणार म्हणून जग चक्रावलं. शेवटी निघालं काय? एक केबल नीट बसली नव्हती! ऑफिसातल्या नेटवर्कवाल्याला हा किस्सा जरूर सांगा.

माणसं गेली, अस्वलं आली

प्रांताच्या दक्षिणेला पेस्कासेरोलीभोवती बीच वृक्षांचं घनदाट जंगल आहे. १९२२ साली स्थापन झालेलं हे आब्रुत्झोचं राष्ट्रीय उद्यान इटलीतल्या सर्वांत जुन्या उद्यानांपैकी एक. इथे लांडगे आहेत, शामोआ नावाच्या रानबकऱ्या आहेत आणि जगात दुसरीकडे कुठेही नसलेलं मार्सिकन अस्वल आहे. एकूण अस्वलं किती? पन्नास-साठच्या घरात.

जिथून मेंढपाळ गेले तिथे जंगल परत चढलं, आणि जंगलामागून प्राणी. हुआन कार्रितो नावाचं एक तरुण अस्वल तर स्टार झालं होतं. रोक्कारासो या स्की-टाउनच्या रस्त्यांवरून बिनधास्त हिंडायचं. एकदा बेकरीत शिरून बिस्किटांवर ताव मारून आलं! लोक व्हिडिओ काढायचे, लाइक्स पडायचे. २३ जानेवारी २०२३ रोजी कास्तेल दी सांग्रोजवळ गाडीच्या धडकेत ते मेलं. त्याच्या आईला, आमारेनाला, त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस एका माणसाने गोळी घातली. तिने एकाच वेळी चार पिल्लं वाढवली होती. साठातली दोन म्हणजे हिशेब करून बघा. 'क्यूट' म्हणून रानटी प्राण्याला माणसाळवलं की त्याचा शेवट असा होतो.

राहायचं की निघायचं?

तर मग परत मूळ मुद्दा. हलती जमीन, सहा महिने थंडी, जवळ ना मॉल ना मल्टिप्लेक्स. अशा जागी कोण राहील? पैसे देऊनही किती जण टिकतील? रोमच्या नोकऱ्या दीड तासावर असताना पंचविशीतल्या पोराने बर्फातल्या गावात का थांबावं?

याचं सोपं उत्तर नाही. पण लाक्विलाच्या पूर्वेला नावेल्लीचं पठार आहे. तिथे केशर पिकतं. इटलीतलं सर्वांत नावाजलेलं. ऑक्टोबरच्या अखेरीस जांभळी फुलं उमलतात आणि ती उजाडण्याआधी, पाकळ्या मिटलेल्या असतानाच खुडावी लागतात. एक किलो केशराला साधारण दोन लाख फुलं. दुसरीकडे केशराचे कंद जमिनीत वर्षानुवर्षं तसेच ठेवतात. इथले शेतकरी मात्र दर ऑगस्टमध्ये सगळे कंद उकरून काढतात, एकेक हातात घेऊन बघतात, किडके बाजूला करतात आणि चांगले दुसऱ्या शेतात नव्याने लावतात. कंबरडं मोडणारं काम. पण त्यामुळेच केशर चांगलं येतं, असं ते सांगतात.

उकरायचं, निवडायचं, पुन्हा लावायचं. लाक्विलाने आपल्या शहराचंही तेच केलंय, दर काही शतकांनी. आता पुढच्या ऑगस्टला वाकायला तरुण कंबर कुणाची, एवढंच ठरायचंय.

जायचं असेल तर…

• कसं जाल: रोमच्या तिबुर्तिना स्टेशनवरून लाक्विलासाठी थेट बस. साधारण दीड तास. आवेत्झानो आणि सुल्मोना रोम-पेस्कारा रेल्वेमार्गावर आहेत. डोंगरातल्या गावांसाठी मात्र भाड्याची गाडी हवीच. व्हिसा शेंगेन.

• केव्हा: ट्रेकिंगसाठी जून ते सप्टेंबर. २८-२९ ऑगस्टला कोलेमाज्जोत 'पेर्दोनान्झा' हा क्षमेचा उत्सव. केशराची फुलं ऑक्टोबर-नोव्हेंबरात. स्कीइंगसाठी रोक्कारासो, ओविन्दोली, काम्पो फेलिचे.

• चुकवू नका: १ मे रोजी कोकुल्लो गावात संत दोमेनिकोच्या मूर्तीवर जिवंत बिनविषारी साप घालून मिरवणूक निघते. साप लोकांच्या गळ्यातही असतात. दचकू नका!

• खादाडी: 'अरोस्तिचिनी' म्हणजे मटणाचे बारीक तुकडे काडीला लावून निखाऱ्यावर भाजलेले. काम्पो इम्पेरातोरेवर काड्या विकत घ्यायच्या आणि स्वतःच भाजायच्या. शाकाहारी असाल तर सान्तो स्तेफानोच्या बारीक मसुरीचं सूप. घरी नेण्यासाठी सुल्मोनाचे साखरेत घोळलेले रंगीत बदाम.

• ट्रेनवेड्यांसाठी: सुल्मोनाहून दक्षिणेला जाणारा १८९७ चा डोंगरी रेल्वेमार्ग. रोजच्या गाड्या २०११ मध्ये थांबल्या, पण खास दिवशी जुन्या डब्यांची पर्यटक गाडी धावते. लाडकं नाव 'इटलीची ट्रान्स-सायबेरियन'. वाटेतलं रिविसोन्दोली-पेस्कोकोस्तान्झो स्टेशन १,२६८ मीटरवर आहे. खिडकीची जागा पकडा!

• अस्वल दिसलं तर: लांब राहा, खाऊ घालू नका, गाडी हळू चालवा. फोटो नाही मिळाला तरी चालेल.